जालन्याच्या भट्टीपाशी कोण उभा आहे?



“जालना, सोने का पालना” ही म्हण मराठवाड्यात अजून ऐकू येते. निजामाच्या अमलात हे कापसाचे, जिनिंग-प्रेसिंगचे गाव. आता त्या पाळण्यात लोखंड आहे. मोडीचे लोखंड विजेच्या भट्टीत वितळवायचे नि त्याच्या सळया ओढायच्या, हा आजच्या जालन्याचा मोठा धंदा. दुसरा बियाण्यांचा, १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढली तेव्हापासूनचा. शहराची वस्ती २००१ साली २ लाख ३५ हजारांच्या घरात होती, ती २०११ साली २ लाख ८५ हजारांवर गेली. २०२१ ची शिरगणती त्या साली झालीच नाही. २०२३ साली मात्र नगरपालिकेची महानगरपालिका झाली. माणसे मोजायची राहिली, पाटी तेवढी बदलली!

ही वाढलेली माणसे कोण? औद्योगिक वसाहतीच्या अंगाने जाऊन बघा. भट्टीपाशी बिहारचा, उत्तर प्रदेशाचा, मध्य प्रदेशाचा गडी उभा आहे. आणि अंबड-घनसावंगीचा, परतूरचा आपला पोरगा? तो कोयता घेऊन ऊसतोडीला गेला, नाहीतर पुण्या-मुंबईला. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्याची मोसंबी उभी वाळली, तो परत बागाईतदार होणार कसा?

कुणी म्हणेल, मराठी माणसाला कष्ट नकोत. साफ खोटे! ऊसतोडीपेक्षा का भट्टी सोपी असते? खरे कारण मालकाच्या हिशेबात आहे. गावच्या पोराला गाव असते, सोयरे असतात. हात भाजला तर चार माणसे फाटकावर येतात. परमुलखातला गडी कंत्राटदाराच्या खोलीत निजतो, कंत्राटदाराच्याच वहीत त्याचे नाव, आणि बोलला तर उद्या खोलीही नाही. सवलती घेणाऱ्या कारखान्यांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, हे सरकारचे जुने धोरण. पण कायम जागाच काढायची नाही असे ठरले, तर ८० टक्के कशाचे?

गिरणगाव आठवा. कोकणातला, घाटावरचा माणूस तिथेही परकाच आला होता. पगारातली मनीऑर्डर तोही गावी धाडी. पण बदलीचा कायम झाला, की मुलेमाणसे आणी. मग चाळ गजबजे, वाण्याचे दुकान चाले, खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा उभ्या राहत. कायम नोकरीने वस्ती वसवली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ती नोकरी गेली, नि मागोमाग वस्तीही. गिरण्यांच्या जागी टॉवर नि मॉल आले. जालन्यात नोकरी कायम नाहीच, म्हणून मजूर आहेत तरी मजुरांचे गिरणगाव होत नाही.

“परप्रांतीयाला हाकला” म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो: संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी कधी वाचलीत? तिच्यात रामलखन विंदा आहे, मुनीमजी बलदेव पांडे आहे, करपैया किरमल देवेंद्र आहे, मुनशी वझीर अली आहे. मराठी राज्यासाठी गोळ्या खाताना त्यांना कुणी प्रांत विचारला नाही.

आणि ८ मे २०२०? टाळेबंदीत काम बंद, गाडी बंद. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळाने चालत निघाले, करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले! रुळात पोळ्या विखुरल्या होत्या. त्या सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितले, टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी आमच्याजवळ नाही. परराज्यातून आणलेल्या मजुरांची नोंद ठेवण्याचा कायदा १९७९ सालीच झाला होता, बरे का!

भट्टीपाशी उभ्या प्रत्येकाचे नाव, तो घनसावंगीचा असो वा शहडोलचा, कारखान्याच्या हजेरीपटावर चढलेच पाहिजे. दोघांना एक मजुरी. कायम कामाला कायम माणूस, आणि त्या जागा भरताना जिल्ह्यातल्या पोराला आधी हाक. वसाहतीलगत राहायला खोल्या, मुलांना मराठी शाळा. बिहारच्या गड्याचे पोर तिथे बसले, तर महाराष्ट्र वाढेलच. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागावर काम करणाऱ्यांनो, तुमच्या शेडमध्येही हीच वही चालते. आपापल्या खात्यात हजेरीपटावर किती नि कंत्राटदाराच्या वहीत किती, हे मोजून पुढच्या सभेला आकडा घेऊन या.