केस माझे, पश्चात्तापही माझाच

गेल्या श्रावणात मी केस कापले. 'कापले' हा शब्द तसा सौम्यच म्हणायचा. कमरेखाली रुळणारी वेणी रत्नागिरीच्या एका पार्लरमध्ये पंधरा मिनिटांत गेली आणि डोक्यावर बोटभर केस उरले. मालगुंडला परतताना एस.टी.च्या खिडकीतला वारा उघड्या मानेला बरा वाटला. घरी आल्यावर आरसा पाहिला आणि रडू कोसळले. कोणी भरीस घातले नव्हते. चूक सर्वस्वी माझी!

तेव्हापासून मी वाट पाहते आहे. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वर्षाला वीतभरसुद्धा नाही. खोबरेल झाले, जास्वंदीची पाने झाली. केस मऊ झाले, पण वेग काही वाढला नाही. पुढे सुरंगीचे वळेसर आले. ते माळायचे कुठे? माझा वळेसर पुस्तकांजवळ सुकला. वाटेत भेटेल तो विचारी, "काय गो, तिरुपतीला गेलेलीस?"

आजी मात्र हसली नाही. एका संध्याकाळी माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "अगो, तुझे वाढतील. माझ्या आजीचे वाढू दिले नाहीत." ती आजी सोळाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर केस जरा वाढले की मागच्या पडवीत न्हावी येई. कपाळापर्यंत ओढलेला आलवणाचा पदर माझ्या आजीला अजून आठवतो. त्या डोक्याला पश्चात्तापाचाही अधिकार नव्हता, कारण निर्णयच तिचा नव्हता.

मग मी ग्रंथालयात जाऊन थोडे वाचले. आगरकरांनी या चालीविरुद्ध लेखणी झिजवली. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूची कहाणी सांगितली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने नाभिक बांधव एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निश्चय त्यांनी केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे मला फार मोठे वाटते. आपल्याच जिल्ह्यातल्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांनी अनेक वर्षे केशवपन पाळले आणि प्रौढ वयात ते सोडून केस वाढू दिले. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली. केस वाढण्याची वाट त्यांनीही पाहिली असेल. पण त्यांच्या आणि माझ्या वाट पाहण्यात केवढे अंतर!

हे सगळे आज लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. माझी फजिती पाहून काकूने माझ्या धाकट्या चुलत बहिणीला केस कापायची बंदी केली. "हिचे बघ काय झाले!" एवढाच युक्तिवाद. म्हणजे माझी चूक दुसरीच्या पायातली बेडी झाली! माझे म्हणणे असे की, चुकण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले तर स्वातंत्र्यात उरते काय? बाईच्या शरीरावरच्या खुणा इतरांनी ठरवायची सवय एका वस्तऱ्याबरोबर संपली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला २०२२ साली कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथांविरुद्ध ठराव करावा लागला, तो उगाच नव्हे.

आमच्या गावच्या केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली १८९३ साली. त्याच वर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पार्वतीबाईंच्या बहिणीशी, पुनर्विवाह केला. एवढी मोठी माणसे ज्यासाठी झगडली, त्याचा माझ्या वाट्याला आलेला भाग लहानसाच आहे. परवा मी काकूला म्हटले, "तिला ठरवू दे. फार तर रडेल. केस वाढतात."

काकू अजून काही बोललेली नाही. माझे केस आता कानाखाली आले आहेत.