पांढरीची माती आणि शेतकऱ्याचे घर

ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली पोसायडनची कांस्यमूर्ती कोल्हापूरचा इतिहास वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. त्याच टेकाडावर १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहनकालीन विटांची घरेही उघडी पडली. त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते. मूर्ती आणि किल्ले यांच्यापुढे घर नेहमीच मागे पडते. त्यातही शेतकऱ्याचे मातीचे घर तर इतिहासाच्या उंबऱ्याबाहेरच उभे असते. हा अन्याय आहे.

जुनी मराठी कागदपत्रे गावाचे दोन भाग करतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा भेद बांधकामालाही लागू पडतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. म्हणून पांढरीची माती भुसा घालून पायांनी तुडवायची, तिचे भेंडे पाडायचे आणि हातभराहून जाड भिंत रचायची. घर पडले, तर तीच माती पुन्हा कालवली जाई. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांनीच गावाचे टेकाड उंचावत गेले. ज्यांच्या घरी सनदा नव्हत्या, त्यांचे दप्तर हेच. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना त्या पांढरीतही जागा नव्हती, हे येथे विसरू नये.

अनेक घरांत सोप्यालगतच बैल बांधले जात. माणसांची जागा पायरीभर उंच. याला अस्वच्छता म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण घरातले सर्वांत मोठे भांडवल आषाढाच्या झडीत उघड्यावर कोण ठेवील? अर्थात या घराचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. सारवणाचे न संपणारे कष्ट बायकांच्या वाट्याला आले आणि २००५, २०१९, २०२१ च्या महापुरांत अशा कितीतरी भिंती बसल्या. काँक्रीटचे घर मागणारा गावकरी चुकत नाही.

चूक आहे ती नोंदीविना घर मोडण्यात. पांढरीची माती ट्रॉलीने शेतात जाते, तुळया विकल्या जातात आणि घराचा साधा आराखडाही मागे उरत नाही.

आयर्लंडच्या खेड्यांतही एके काळी गुरे-माणसे एकाच गवती छपराखाली राहत. तेथील लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील मुलांकडून वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. ‘जुनी घरे’ हा त्यातला एक विषय होता. कोल्हापूरच्या शाळांना त्यासाठी वही आणि मोजपट्टी पुरेल. मेढ कोणती, तुळई कोणती, कणगी कोठे ठेवत, हे बोट दाखवून सांगणारी माणसे आज सत्तरीपुढे आहेत.