पदक तिचं, खर्च कुणाचा?

आपल्या बुलडाणा-खामगावकडे घरात मुलगी अपंग असली की शिवणक्लास शोधतात, फार तर कॉम्प्युटरचा. तिला पोहायला कोण पाठवतं?

आपल्याच विभागातल्या अमरावतीत जन्मलेली कांचनमाला पांडे दृष्टिहीन. नागपूरला रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून तिनं डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोत, दिव्यांगांच्या जागतिक जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्णपदक मिळवलं. तिच्या गटात सगळ्यांनाच काळा चष्मा लावून पोहावं लागतं. भिंत जवळ आली की काठावरचा मदतनीस लांब काठीनं हलकेच अंगाला स्पर्श करतो. तो चुकला, तर डोकंच आपटायचं! म्हणजे सोबतीचं माणूस ही इथं चैन नव्हे. त्याचंही तिकीट, राहणं, जेवण आलंच.

आणि रड नेमकी पैशाचीच. त्याच वर्षी जुलैत बर्लिनच्या स्पर्धेसाठी मंजूर झालेले पैसे तिच्या हाती वेळेत पडलेच नाहीत. परक्या मुलखात उसनवारी करावी लागली, ट्रामचं तिकीट नव्हतं म्हणून दंड झाला. तरी पठ्ठीनं रौप्यपदक आणलं! जिद्दीचं कौतुक खूप झालं. पण तिला निदान बँकेचा पगार तरी होता. मेहकरकडच्या शेतमजुराच्या लेकीला एवढे पैसे उसने कोण देणार? मंजुरी आणि हातात पैसा यातलं अंतर निराधार योजनेच्या अनुदानासाठी बँकेत खेपा घालणाऱ्या बायांना चांगलं ठाऊक आहे. त्यांचं अनुदान उशिरा का होईना, येतं. स्पर्धेची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.