ओरखडा लहान असतानाच

नव्या मोटारगाडीवर पहिला ओरखडा उठतो, त्या दिवशी घरात जणू सुतक पडते. कोणी दूधवाल्याच्या सायकलीला बोल लावतो, कोणी गल्लीतल्या मुलांना, तर कोणी घरातल्याच तरुण चालकाला. दोन दिवस हळहळ होते, तिसऱ्या दिवशी विसर पडतो. आणि पुढे उठलेल्या दहा ओरखड्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वाचकहो, आमच्या मते पहिल्या ओरखड्यासाठी इतका शोक नको, आणि दहाव्याची इतकी उपेक्षाही नको. कोणता ओरखडा केवळ डोळ्यांना खुपतो व कोणता गाडीचे आयुष्य कमी करतो, एवढे ओळखता आले म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे सुटीच्या एखाद्या सकाळी घरच्या अंगणात होण्याजोगे आहे.

मोटारींचा शौक इंदूरला नवा नाही. श्रीमंत यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास बांधलेली नारिंगी व काळ्या रंगाची ड्यूसेनबर्ग गाडी आजही जगभरच्या संग्राहकांच्या बोलण्यात असते. आता तर शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या पीथमपुरात वाहनांचे कारखानेच उभे आहेत. मात्र संस्थानिकांच्या गाड्या पुसायला माणसे होती. आपल्या गाडीची निगा आपल्यालाच राखायची आहे. हप्ते फेडून घेतलेली गाडी ही मध्यम स्थितीच्या कुटुंबाची घराखालोखालची मोठी मिळकत असते, आणि जो तीच गाडी भाड्याने चालवून मुलांच्या शाळेची फी भरतो त्याची तर ती भाकरीच होय.

प्रथम गाडीचा रंग म्हणजे काय, ते पाहू. आजच्या गाडीवर एकच लेप नसतो. पोलादी पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसवतात, त्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला क्लियर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून जाडी भरते ती साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी किंवा किंचित अधिक. त्यांतला पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा. ऊन, पाऊस, धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांचा पहिला मारा तोच झेलतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळात गाड्यांना सेल्युलोजचा रंग असे; तो घासावा तसा उजळे आणि फडक्याला रंग लागला तरी कोणी घाबरत नसे. ती सवय आजच्या गाडीवर चालत नाही. जोर लावून घासणारा मनुष्य तिचे संरक्षक कवचच उतरवून ठेवतो.

ओरखडा किती खोल आहे हे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. जागा स्वच्छ धुऊन, वाळवून तिच्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडखळले नाही, तर इजा वरच्या थरातच आहे. दुसरी रीत पाण्याची: ओरखड्यावर पाण्याचा थेंब पसरला असता तो दिसेनासा झाला, तरीही निष्कर्ष तोच. नख अडकले आणि तळाशी करडा किंवा पांढुरका रंग दिसला, तर अस्तर उघडे पडले आहे. धातूची चकाकी अथवा तांबूस डाग दिसला, तर मात्र दिरंगाई करू नये.

ती का करू नये, हे समजून घेण्यासारखे आहे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो आणि भोवतालचा चांगला रंग आतून उचलून धरतो. उचललेल्या रंगाखाली पुन्हा पाणी शिरते. खड्यामुळे तिळाएवढा टवका उडाला असेल, तर एक-दोन पावसाळ्यांत तिथे फोड येतो आणि काही वर्षांत दरवाजाखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो. पत्र्याला जस्ताचा मुलामा असल्यास हा क्रम मंदावतो, थांबत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र गंज चढत नाही. तेथला ओरखडा सवडीने पाहिला तरी चालतो.

वरवरच्या ओरखड्यास औषध सौम्य आहे. गाडी शाम्पूने धुऊन सावलीत आणावी. मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढे बारीक पॉलिशिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने तेवढ्याच जागी घासावे व वरचेवर पुसून पाहावे. ओरखडा पूर्णपणे गेला नाही, तरी धूसर झाल्यावर थांबावे. कडा व कंगोरे यांवर रंग मुळातच पातळ बसतो, तिथे हात अधिकच हलका ठेवावा.

टवका उडालेल्या जागेसाठी टचअप रंगाची छोटी बाटली लागते. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा दरवाजाच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. तो पाहूनच रंग आणावा. नुसते 'पांढरा द्या' म्हणून भागत नाही, कारण पांढऱ्यातही अनेक पांढरे आहेत. जागा धुऊन सुटलेले पापुद्रे काढावेत. गंज दिसत असेल, तर बारीक वॉटरपेपरने अथवा टोकदार हत्याराने तो चकचकीत धातू लागेपर्यंत खरवडावा. गंजावर रंग लावणे म्हणजे घरात चोर कोंडून बाहेरून कुलूप घालणे. नंतर स्पिरिटने तेलकटपणा पुसून त्याच बैठकीत प्रायमर लावावा, कारण उघडे लोखंड रात्रभर तसेच ठेवणे बरे नव्हे. प्रायमर वाळल्यावर बारीक कुंचल्याने, किंवा काडीच्या टोकाने, रंगाचा थेंब नेमका खळग्यात सोडावा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत व प्रत्येकास बाटलीवर लिहिलेला अवधी वाळू द्यावे. शेवटी पारदर्शक थर. त्यानंतर निदान आठवडाभर ती जागा घासू नये.

याने गाडी कोरी दिसेल अशी अपेक्षा धरू नये. जवळून पाहिले असता डाग दिसेल, आणि धातूची चमक असलेल्या रंगांत तो अधिक दिसेल; शिवाय उन्हाने जुना रंगही उतरलेला असतो. पत्रा झाकला गेला आणि पाणी अडले, एवढे साधले तरी कामाचे सार्थक झाले.

इंदूरच्या हवेत या कामाला हिवाळा उत्तम. पावसाळ्यात दमट हवेमुळे थर धुरकट बसतो व आत ओल अडकते. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्रा तव्यासारखा तापतो आणि रंग पसरण्याआधीच आळतो. जागा सावलीची, पण मोकळी हवी. थिनरची वाफ ज्वालाग्राही व आरोग्यास अपायकारक असल्याने बंद खोलीत, चुलीजवळ किंवा लहान मुलांच्या सान्निध्यात हे काम करू नये. दोन भाग मिसळून फवारायच्या रंगांत आयसोसायनेट नावाची रसायने असतात व ती श्वसनास घातक आहेत; तसले काम योग्य साधने असलेल्या मिस्त्रीकडेच सोपवावे. दंतमंजन, भांड्यांची पावडर, नखांचा रंग हे घरगुती तोडगे टाळावेत. पहिले दोन केवळ घासून चकाकी मारतात. तिसरा गाडीसाठी बनलेलाच नाही.

मुळात ओरखडे येतात कुठून? आमच्या पाहण्यात निम्म्याहून अधिक रोजच्या पुसण्यातूनच येतात. माळव्याची धूळ गाडीवर बसलेली असताना सकाळी कोरड्या फडक्याने जोरात पुसणे म्हणजे वाळूने घासणेच. आधी पाणी सोडावे, मग पुसावे. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरातून गेर निघते, त्या दिवशी गाडी दूरच उभी करावी. तरीही रंग उडालाच, तर तो कोरडा न झटकता भरपूर पाण्याने धुवावा. खडी भरलेल्या मालमोटारीच्या मागे अंतर ठेवून चालावे. टवके बहुधा तेथेच उडतात.

आता पैशाचा प्रश्न. लहानशा ओरखड्यासाठी विम्याचा दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. दावा न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के व सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एका दाव्याने ती सहसा जाते. शेकड्यांतल्या दुरुस्तीसाठी हजारांची सूट घालवणे शहाणपणाचे नव्हे. मात्र खोलगट पोचा, हाताहून लांब ओरखडा किंवा पोखरलेला पत्रा असल्यास घरी खटपट न करता गॅरेज गाठावे.

एक गोष्ट मात्र आम्ही आवर्जून सांगू. ओरखडा बुजवणे आणि दोष लपवणे या दोन क्रिया दिसायला सारख्या असल्या, तरी एक नव्हेत. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टीचे जाड लिंपण करून, वर चकाकी आणून गाडी विकणारे आहेत. जाणते गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊन येते. जाड पुट्टीवर तो धरत नाही. पण प्रत्येक गिऱ्हाईक जाणते नसते. जो गरजू मनुष्य साठवलेली पुंजी आपल्या हाती देतो, त्याचे कुटुंब उद्या त्याच गाडीतून प्रवास करणार आहे. केलेली डागडुजी त्याला सांगावी, गंज कोठे होता तेही दाखवावे. किंमत थोडी कमी येईल, येऊ द्यावी.

असो. पावसाळ्यापूर्वी एका सकाळी मुलांना बरोबर घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. ओरखडे मोजा, नख फिरवून पाहा, ज्याला औषध हवे त्यावर खडूने खूण करा. कोणी पाडला, याची चौकशी त्या दिवशी तरी करू नका. म्हणजे पुढचा ओरखडा पडेल तेव्हा मूल तो लपवणार नाही, स्वतःच येऊन सांगेल, आणि तिळाएवढा असतानाच तो बुजवता येईल.