लेसरच्या आधीची वर्षं

नववी-दहावीत चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढू लागला की घरात लेसरची चर्चा सुरू होते. पण १८ वर्षांआधी आणि नंबर स्थिरावण्याआधी ती शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. तोवर काय? साध्या चष्म्याने फळा स्पष्ट दिसतो, बुबुळामागे लांबत जाणारा डोळा मात्र थांबत नाही. हा वेग कमी करणाऱ्या खास काचा आता मिळतात. हाँगकाँगमध्ये ८ ते १३ वर्षांच्या मुलांवर झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत त्यांनी नंबरवाढ जवळपास निम्म्यावर आणली. अ‍ॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंबही रोज रात्री देतात, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रात्री घालून झोपायच्या ऑर्थो-के लेन्समुळे दिवसभर चष्मा लागत नाही, म्हणून खेळाडू मुलांना त्यांचा मोह पडतो. मला त्यांची धास्ती वाटते. लेन्स नळाच्या पाण्याने धुतली, तर जंतुसंसर्गाने दृष्टी कायमची अधू होऊ शकते. हात धुण्याची आठवण करून द्यावी लागणाऱ्या मुलासाठी त्या घेऊच नयेत, काचाच बऱ्या. आणि घरात चष्मा न लागलेलं धाकटं भावंड असेल, तर त्याला रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या.