चावीचा स्विच आणि ‘डायरेक्ट’ गाडी



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. आजचा विषय मोटारसायकलीच्या चावीच्या स्विचचा आहे. शेतकी खात्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. गटात फिरताना हँडलखाली दोन वायरी पिळून ‘डायरेक्ट’ केलेल्या गाड्या आम्हाला जागोजाग दिसतात, आणि हंगामात याच गाड्या रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे-पुढे धावत असतात. तेव्हा संबंध आहेच.

चावीचा स्विच झिजतो म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी झिजतात, आणि इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. वरच्या भागात कुलूप असते. त्यातल्या पितळी पत्त्या आणि चावीचे दाते घासले की कुठलीही चावी, अगदी स्क्रूड्रायव्हरसुद्धा फिरतो, आणि चालत्या गाडीतून चावी गळून पडते. खालच्या भागात विजेचे पॉइंट असतात. ते काळे पडले की खड्ड्यात चाक आपटले रे आपटले, गाडी बंद. हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. न्यूट्रलचा दिवा लुकलुकतो. बॅटरीशिवाय ठिणगी पडणाऱ्या सीडीआयच्या जुन्या गाड्यांत उलटे होते. तिथे चावी बंद केली की स्विच सीडीआयची एक वायर अर्थला जोडतो आणि इंजिन थांबते. ते पॉइंट खराब झाले की चावी काढून घेतली तरी गाडी फटफटतच राहते.

आमचे स्पष्ट मत असे, की पॉइंट घरी साफ करावेत आणि कुलूप झिजले असेल तर सरळ नवा सेट घ्यावा. ‘डायरेक्ट’ मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. जो शेतकरी मोटारीच्या स्टार्टरचे पॉइंट स्वतः घासतो, त्याला हे काम जड नाही.

आधी दोष स्विचमध्येच आहे ना, हे पाहावे. मल्टिमीटर वीस व्होल्टवर ठेवून, चावी चालू करून, दिवा-हॉर्न लावून बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. मग स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरीवर मोजावेत. फरक अर्ध्या व्होल्टाहून जास्त निघाला तर वाटेत कुठे तरी अडथळा आहे. सॉकेटही एकदा काढून बघावे, कारण पुष्कळदा गंज तिथेच असतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. पाच अँपिअर जाताना पॉइंटमध्ये 0.2 ओहमचा विरोध असला तर 1 व्होल्ट वाया जातो आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत 5 वॅटची उष्णता तयार होते. प्लॅस्टिकची पट्टी त्यानेच वितळते.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी. स्विच काढून खालचे झाकण परातीत धरून उघडावे, नाही तर बारीक स्प्रिंगा आणि छर्रे उडतात आणि मग अंगणात शोधत बसावे लागते. कुठला भाग कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पॉइंट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलके पुसावेत. कानस अजिबात लावू नये, वरचा पातळ थर गेला की पॉइंट लवकर जळतो. धूळ आणि जुना ग्रीस कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, व्हॅसलीनचा अगदी पुसट हात द्यावा. स्प्रिंग ढिली असली तर ताणून पुन्हा बसवतात, ते फार दिवस टिकत नाही. पट्टी वितळली असेल तर साफ करत बसू नये. साध्या गाड्यांचा स्विच काही शे रुपयांत मिळतो.

कुलपात तेल सोडू नका. आपल्याकडच्या फुफाट्यात तेलाचा चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला लावून फिरवावी. डुप्लिकेट चावी झिजलेल्या चावीवरून न कापता, घरात ठेवलेल्या दुसऱ्या मूळ चावीवरून कापून घ्यावी. मोटारघर, गोठा, कपाट अशा सगळ्या चाव्यांचा जुडगा गाडीला लोंबकळत ठेवणारे सभासद कमी नाहीत. ते वजन दिवसभर कुलूप घासत असते. चिप असलेल्या चावीची गाडी मात्र घरी उघडू नये.

आता ‘डायरेक्ट’बद्दल. काही म्हणतील, चालतेय ना, मग कशाला खर्च? पिळलेली वायर हादऱ्याने सुटते, आणि बॅटरीवरच्या दिव्यांची वीज याच वाटेने जात असल्याने मागचा लाल दिवाही जातो. रात्रीच्या विजेच्या पाळीला पाणी द्यायला निघालेला माणूस मग मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला दिसतच नाही. मोकळी वायर सांगाड्याला टेकली आणि मध्ये फ्यूज नसला तर पेट घेते, तेही वाळलेल्या पाचटात उभ्या केलेल्या गाडीत. आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. सेट बदललात तर नव्या सेटचे बिल आणि जुन्या चाव्या गाडीच्या कागदांबरोबर ठेवाव्यात.