भांगेचे बी : आधी जतन, मग परवाने

भांगेचे नाव निघाले की मराठी घरात सहसा दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे महाशिवरात्रीची वा धुळवडीची थंडाई आणि दुसरी म्हणजे वर्तमानपत्रातील अमली पदार्थांच्या जप्तीची बातमी. या दोहोंपलीकडे भांग हे हिमालयाच्या उतारांवरील एक प्राचीन पीक आहे, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असते. कुमाऊँच्या घरांत भांगेचे बी भाजून, वाटून चटणी केली जाते. त्या बियांत नशा नसते. गढवालच्या खेड्यांत तिच्या सालीपासून 'भंगेला' नावाचे जाडेभरडे कापड विणले जात असे, कुल्लूमध्ये 'पूला' नावाची पादत्राणे केली जात. आपल्याकडील ताग आणि अंबाडी ही धाग्याची पिके वेगळी, भांग वेगळी. पहाडी कुटुंबाला अन्न, दोर आणि वस्त्र पुरवणारे हे पीक आज एका विचित्र पेचात सापडले आहे.

उत्तराखंडाने २०१८ साली भांगेच्या औद्योगिक लागवडीला परवाना देऊन देशात नवा पायंडा पाडला. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला. म्हणजे दार उघडू लागले आहे. परंतु त्या दारातून कोणाचे बी आत येणार आणि कोणाचे बाहेर फेकले जाणार, या प्रश्नाची चर्चा मात्र जवळपास होताना दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

परंपरेतील साक्षी

भांग या भूमीला नवखी नाही. अथर्ववेदात सोम, दर्भ आणि यव यांच्या समवेत भंगेचा उल्लेख येतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात तीळ, उडीद, जवस आणि भंगा यांच्या शेतांसाठी शब्द कसे सिद्ध होतात हे सांगितले आहे. भंगेच्या शेताला 'भाङ्ग्य' अथवा 'भाङ्गीन' म्हणावे, असे त्याचे सूत्र सांगते. ज्या वनस्पतीच्या शेताला व्याकरणात स्वतंत्र शब्द आहे, ती केवळ रानात उगवणारी बूटी नव्हे. ती पेरली आणि कापली जाणारी शेती होती, हे यावरून उघड होते. आयुर्वेदाने तिला 'विजया' म्हटले आणि औषधात तिचा वापर सांगितला. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रातील 'कॅनाबिस इंडिका' हे नावही फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १७८५ साली भारतातून आलेल्या नमुन्यांवरूनच दिले.

महाराष्ट्रातही याची साक्ष दगडावर उभी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील राजदेव सिंह आणि तेव्हाच्या औरंगाबाद येथील विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेरूळच्या लेण्यांतील चुना-मातीच्या गिलाव्यात भांगेचे तुकडे मिसळलेले आहेत, असे त्यांना आढळले. तो गिलावा सुमारे दीड हजार वर्षे टिकला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तेथील चित्रांना किडींचा मोठा उपद्रव झाला, हेही त्यांनी नोंदवले. आपल्या पूर्वजांना या वनस्पतीचे गुण किती नेमके ठाऊक होते, याचा हा पुरावा सर्वांना पाहता येण्याजोगा आहे.

वाण म्हणजे काय?

शेतकरी ज्याला गावरान वाण म्हणतो, त्याचा अर्थ समजून घेणे येथे अगत्याचे आहे. एका खोऱ्यात शेकडो वर्षे लोकांनी बी राखले, निवडले आणि पुन्हा पेरले. तेथील थंडी, पाऊस, उंची आणि कीड यांनी त्याला घडवले. त्यातून जे पीक तयार होते ते वाण. त्यातील सर्व झाडे एकसारखी नसतात. कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणी लवकर येणारे, कोणी उशिरा. ही विविधताच त्या वाणाची ताकद असते, कारण एखादे वर्ष वाईट गेले तरी त्यातील काही झाडे तग धरून राहतात. प्रयोगशाळेत केलेल्या संकरित वाणाला हे कवच नसते.

भांगेच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. तिची नर आणि मादी फुले सहसा वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि परागकण वाऱ्यावर दूरवर, कित्येक किलोमीटरपर्यंत जातात. त्यामुळे एका शेतात परके बी पेरले की शेजारच्या शेतातील जुन्या वाणाचेही बी त्याच हंगामात मिसळते. गहू वा तांदूळ यांचा शेतकरी आपले वाण बहुधा स्वतःच्या बांधाच्या आत सांभाळू शकतो, कारण त्या पिकांचे परागीकरण प्रामुख्याने त्याच फुलात होते. भांगेचे वाण मात्र संपूर्ण खोऱ्याने मिळून सांभाळावे लागते. एकदा मिसळलेले बी वेगळे करण्याचा उपाय नाही.

दुहेरी संकट

या वाणांवर पहिले संकट आले ते कायद्याच्या अंमलबजावणीतून. येथे इतिहास थोडा आठवावा लागेल. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन असा निष्कर्ष काढला की, मर्यादित सेवनापासून सहसा अपाय होत नाही आणि सरसकट बंदी योग्य ठरणार नाही. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पाश्चात्त्य देशांच्या आग्रहाने भांगेवर कठोर नियंत्रण आले; तरी धागा आणि बी यांसाठीची लागवड त्या करारातून वगळली गेली. भारताने १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा केला. त्यातही पाने आणि बी (शेंड्यांसोबत नसतील तेव्हा) 'गांजा'च्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत आणि कलम १४ नुसार धागा व बियांसाठी लागवडीस सरकार परवानगी देऊ शकते.

म्हणजे कायद्याने पहाडी शेतकऱ्याचे बी कधीच पूर्णपणे नाकारले नव्हते. व्यवहारात मात्र ही परवानगी दशकानुदशके कागदावरच राहिली. परवान्याविना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे कलम मात्र सर्वांना ठाऊक झाले. कुल्लूसारख्या जिल्ह्यांत दरवर्षी भांग उपटण्याच्या मोहिमा होतात. चरस तस्करीला आळा घालण्यासाठी त्या आवश्यकही असतील. परंतु उपटणारा हात चरसाचे झाड आणि चटणीच्या बियांचे झाड यांत भेद करीत नाही. ज्या म्हातारीने पन्नास वर्षे एकाच झाडाचे बी राखले, तिने भीतीपोटी ते पेरणे सोडले, तर साध्या डब्यात ठेवलेल्या त्या बियांची उगवणशक्ती काही वर्षांतच संपते. तिच्यासोबत ते वाणही संपते.

दुसरे संकट यापेक्षा सूक्ष्म आहे आणि ते सुधारणेच्या नावाने येते. औद्योगिक लागवडीच्या परवान्यात नशा आणणाऱ्या घटकाचे, म्हणजे टीएचसीचे, प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असावे अशी अट घातली जाते. हा आकडा आला कोठून? कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ साली वनस्पतीच्या वर्गीकरणासाठी ही रेषा आखली होती. ती वर्गीकरणाच्या सोयीसाठी होती. नशेची सीमा दाखवणे हा तिचा हेतू नव्हता. पुढे ती उत्तर अमेरिका आणि युरोप यांच्या कायद्यात शिरली आणि तेथून आपल्याकडे आली.

हिमालयातील अनेक जुनी वाणे या रेषेच्या वर जातात. परिणाम असा की, ज्या शेतकऱ्याच्या पूर्वजांनी हे पीक घडवले त्याचेच बी बेकायदा ठरते आणि कायदेशीर शेती करायची तर युरोपातील धाग्याच्या वाणांचे बी शोधावे लागते. ते बी आपल्या पहाडात पेरले गेले की वारा आपले काम करील. शिवाय, पाश्चात्त्य गांजाच्या बाजारासाठी तयार केलेली तीव्र संकरित बियाणी पार्वती खोऱ्यासारख्या ठिकाणी परदेशी प्रवाशांबरोबर आली, हेही सर्वश्रुत आहे. अमेरिकेत जप्त होणाऱ्या मालातील टीएचसीचे प्रमाण १९९५ मधील सुमारे ४ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेले. जगातील गांजा आज इतका तीव्र झाला आहे, तो मुख्यतः या संकरित वाणांमुळे.

आक्षेप आणि उत्तर

येथे एक रास्त आक्षेप येईल. आपल्या मुलांना व्यसनापासून वाचवण्याची चिंता प्रत्येक घरात असताना भांगेच्या जतनाची भाषा कशाला? या चिंतेशी आम्ही पूर्णतः सहमत आहोत. चरसाने पहाडातील आणि मैदानातील कितीतरी तरुणांचे आयुष्य नासवले आहे आणि चरसाचा व्यापार मोडून काढलाच पाहिजे. परंतु बियाणे जतन करणे म्हणजे नशेला मोकळीक देणे नव्हे. अफूचे पीक आपण मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी देखरेखीखाली घेतोच ना? त्यातून वेदनाशामक औषधे मिळतात आणि त्यासाठी कोणी व्यसनाचे समर्थन करतो असे म्हणत नाही. जतन करावयाचे ते बी, जपावयाचा तो वारसा. कमी नशेची, अधिक धाग्याची, रोगाला तोंड देणारी नवी वाणे उद्या आपल्याच शास्त्रज्ञांना तयार करावयाची असतील तर त्यासाठी लागणारा मूळ साठा याच जुन्या वाणांत आहे. तो नष्ट झाला तर ते बी आपल्याला परक्याकडून विकत घ्यावे लागेल.

हळदीच्या पेटंटविरुद्धची १९९७ ची लढाई आपण जिंकलो, कारण आपल्याकडे पुरावा होता. भांगेच्या वाणांवर अमेरिकेत २०१५ पासून पेटंटे मिळू लागली आहेत. आपल्या खोऱ्यांतील बियांची नोंदच नसेल तर उद्या आपण कोणता पुरावा दाखवणार?

काय करावे?

उपाय अवघड नाहीत, त्यांचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. परवाने वाटण्याआधी बी गोळा झाले पाहिजे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोची केंद्रे शिमला आणि नैनितालजवळील भवाली येथे आहेतच. लडाखमध्ये चांग ला येथे सतरा हजार फुटांहून अधिक उंचीवर २०१० साली बियाण्यांचे भांडार उभारले गेले आहे. या संस्थांनी मलाणा, पार्वती, टिहरी, पिथौरागढ अशा खोऱ्या-खोऱ्यांतून, गावकऱ्यांच्या संमतीने आणि पोलिसांची भीती न दाखवता बी गोळा करावे. ज्या खोऱ्यांत जुनी वाणे टिकून आहेत तेथे परके बी पेरण्यास बंदी असावी. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार त्यांची नोंद शेतकऱ्यांच्या नावे व्हावी आणि गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत भांगेला तिचे स्थान मिळावे. ०.३ टक्क्यांची उसनी रेषाही आपल्या शास्त्रज्ञांनी आपल्या वाणांच्या अभ्यासातून नव्याने तपासावी.

महाराष्ट्राला बी राखण्याचे मोल सांगावे लागत नाही. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी शेकडो गावरान वाणे घरात जपली. देशाने त्यांना पद्मश्री दिली. टिहरीत विजय जड़धारी यांच्या 'बीज बचाओ आंदोलना'ने हेच काम बारानाजाच्या धान्यांसाठी केले. भांगेच्या बियांसाठी असे काम करणाऱ्याला मात्र आज पोलिसांची धास्ती वाटते.

भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे. म्हणजे चटणी कायदेशीर झाली. आता ती चटणी ज्या बियांपासून होते, ते पहाडी बीही राखले गेले पाहिजे. हिमाचल आणि उत्तराखंडाचे निर्णय अजून आकार घेत आहेत. वाण मिसळण्यापूर्वी ते गोळा करण्याची संधी अद्याप हातात आहे. ती या काही हंगामांपुरतीच आहे.